गुकूची तिवई

गुकूनं आपली तिवई काखेत मारली आणि अंगण ओलांडून ती धाकट्या सुनेच्या चुलीकडे निघून गेली, तेव्हा मिनायो उगाली घोटत होती. तिचा हात थांबला. मक्याचं पीठ बुडाला लागलं, करपल्याचा वास सुटला, तरी ही दारातून बाहेर बघत उभीच.

"आज तिकडं बसते गं," जाता जाता म्हातारी एवढंच बोलली होती. दुसऱ्या दिवशीही तिचा तो 'आज' संपला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही.

सगळ्या टेकडीची ती गुकू, म्हणजे आजीच. खरं नाव कागोन्या, पण त्या नावानं हाक मारणारं मारागोलीत आता कुणी उरलं नव्हतं. नवरा गेल्यावर तिनं स्वतःची चूल मोडली. दिवस मावळला की आपल्या खोपटातून ती तीन पायांची बुटकी तिवई घेऊन निघायची, थोरल्या सुनेच्या स्वयंपाकघरात चुलीच्या उजव्या अंगाला मांडायची, जेवायची, अख्ख्या टेकडीला नावं ठेवायची आणि पेंगायला लागली की मिनायो तिला हाताला धरून खोपटात सोडून यायची. वर्षानुवर्षं हाच नेम. मिनायोची मुलगी आयुमा लग्न होऊन गेली, दोघे मुलगे शाळेसाठी बापाजवळ नैरोबीत राहिले. बाप कीसिया रेल्वेत. कुणी विचारलं, "एकटी राहतेस का गं?" तर मिनायो म्हणायची, "एकटी कशी? गुकू आहे की." आता तेवढंही म्हणायची सोय राहिली नाही.

आणि गुकू गेली कुणाकडे, तर तिरिकीवालीकडे!

या घरात सुनांना माहेरच्या मुलखावरून हाक मारतात. मिनायो न्योरेवाली, आणि धाकट्या चाहिलूची बायको मुहोंजा तिरिकीवाली. लग्न होऊन जेमतेम दोन पावसाळे झालेली, अजून कडेवर पोर नाही, मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेली बारकीशी पोरगी. चाहिलू दूर चहाच्या मळ्यात कामाला. त्याचे पैसे आले तर आले. दुसरी एखादी रडत बसली असती. हिनं काय केलं, तर आपल्या स्वयंपाकघरामागच्या दोन धोंड्यांच्या मधली जमीन खणली. खणली म्हणजे काय, दगडच काढले सगळे. ओढ्याकाठची माती टोपल्यांनी डोक्यावरून आणून ओतली. त्यात चवळी लावली पाल्यासाठी, माठ लावला, आणि मुरेरे, ती शिजल्यावर बुळबुळीत होणारी पालेभाजी. माहेराहून एक कोंबडी आणली, ती अंड्यांवर बसवली, पिलं वाढवली. वर्ष सरता सरता मीठ आणि रॉकेल सोडलं तर तिला दुकानाचं तोंड बघावं लागेना.

मिनायो तेव्हा हसली होती. झऱ्यावर हंडा भरता भरता सगळ्या बायांसमोर म्हणाली होती, "रानातलं गवत उपटून दारात लावतेय. चाहिलूनं बायको आणली की शेळी?" बाया पोट धरधरून हसल्या होत्या. मुहोंजाही हसली होती, अगदी मोकळेपणानं, आणि मिनायोला तेव्हाच ते खटकलं होतं. रेल्वेतल्या माणसाच्या बायकोनं पाल्यासाठी कंबर कशाला मोडायची? मिनायो चावाकालीच्या बाजारातून कोबी आणायची, डब्यातली चरबी आणायची, आणि पिशवी अशी धरायची की कोबी वरून दिसावा.

आता त्याच कोबीसमोर ती रोज एकटी बसे, आणि अंगणापलीकडून मुरेऱ्याचा वास येई. वास बंद करायला दार लावावं, तर धूर आत कोंडायचा. दार उघडं ठेवावं, तर गुकूचं हसू ऐकू यायचं. म्हातारी हसायची म्हणजे आधी खोकायची आणि मग हसायची. हे हसणं मिनायोचं होतं. इतकी वर्षं ते तिच्या चुलीजवळ निघत होतं, आणि आता कालची आलेली ही पोरगी ते फुकट ऐकत बसली होती. मिनायोच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. रात्री पाठ टेकली तरी तिच्या डोळ्यांपुढे ती तिवई अंगण ओलांडत राही.

शेवटी तिनं कुदळ घेतली.

कुणी विचारलं नव्हतं, तरी ती सांगत सुटली, "डॉक्टर म्हणतात ताजा पाला खावा." कुठला डॉक्टर आणि कुठलं काय! घरामागचा तुकडा तिनं खणला, आणि तिरिकीवालीपेक्षा हातभर जास्तच खणला, ते मुद्दाम पावलांनी मापून. बी बाजारातून आणलं. दाट पेरलं, म्हणजे दाट उगवेल. उगवलं खरं, पण एवढं दाट की रोपं एकमेकांच्या अंगावर पडून पिवळी पडली. मग खत हवं म्हणून शेजारच्या गोठ्यातलं ओलं शेण तसंच नेऊन ओतलं, आणि उरलेली रोपंही जळाली. अंगणापलीकडून मुहोंजा म्हणाली, "आयुमाची आई, शेण आधी महिनाभर कुजू द्यावं लागतं. मी येऊ का हात द्यायला?"

"मला माहीत आहे," मिनायो म्हणाली. "आमच्या न्योरेत असंच करतात."

न्योरेत असं कुणीही करत नाही. पण दुसऱ्या खेपेला तिनं शेण कुजवलं, बी विरळ टाकलं, पहाटे उठून झऱ्याचं पाणी घातलं, आणि मुरेरे आले. चांगले हिरवेगार आले. मिनायो दिवसातून दहादा जाऊन त्यांच्याकडे बघे, आणि लगेच मान वळवून धोंड्यांपलीकडच्या वाफ्याकडे बघे. तिचे अंमळ जास्त उंच होते का? होते. मेली त्यांच्या कानात काय सांगते कोण जाणे.

पहिला पाला खुडला त्या दिवशी ती गुकूच्या खोपटाशी गेली. "गुकू, आज माझ्याकडं मुरेरे आहेत. माझ्या हातचे."

म्हातारीनं तिच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं, आनंदल्यासारखं आणि अवघडल्यासारखंही. पण आली. तिवई आली, उजव्या अंगाला मांडली गेली. मिनायोचा ऊर भरून आला. आता मुरेरे शिजवायचे म्हणजे राखेचं पाणी लागतं, त्याशिवाय तो पाला मऊ होत नाही. राख हवी घेवड्याच्या वाळक्या शेंगांची. ती भोकाच्या मडक्यात भरायची आणि वरून पाणी सोडून खाली थेंब थेंब गाळायचं. एवढं मिनायोनं लहानपणी आईला करताना पाहिलं होतं. पण घेवड्याच्या शेंगा तिच्याकडे कुठून असणार? मागायच्या तर तिरिकीवालीकडे. त्यापेक्षा चुलीतली निलगिरीच्या लाकडाची राख काय वाईट?

गुकूनं पहिला घास घेतला. तिचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. तो घास तिनं कसाबसा गिळला आणि हळूच म्हणाली, "छान आहे गं. आज भूकच नाही बघ." मिनायोनं स्वतः चाखून पाहिलं तर जिभेला चटका बसला. म्हातारीनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मिनायोच्या रश्शाला, पाण्याला, चुलीला वर्षानुवर्षं नावं ठेवणारी गुकू आता पाहुण्यासारखी गोड बोलत होती. दुसऱ्या दिवशी तिवई पुन्हा पलीकडे गेली.

मग मिनायोनं कोंबडी आणली. ठिपक्याठिपक्यांची, चांगली जड, बाजारात घासाघीस न करता घेतलेली. नव्या कोंबडीला घर कळावं म्हणून पायाला चिंधी बांधून चुलीजवळ डांबून ठेवतात, तशी ठेवली. दाणे घातले, पाणी दिलं, लाडानं बोलली. आठवड्यानं चिंधी सोडली. कोंबडी पिसं झाडून उभी राहिली, इकडे तिकडे बघितलं, आणि तुरूतुरू अंगण ओलांडून थेट तिरिकीवालीच्या स्वयंपाकघरात गेली. तिथं मुहोंजाचा तांबडा कोंबडा होता. तिथंच, मुहोंजाच्या सरपणाच्या ढिगामागे, तिनं पहिलं अंडं घातलं.

"तूसुद्धा?" मिनायो अंगणात उभी राहून कोंबडीला म्हणाली.

झोपायला ठिपकी मिनायोकडे यायची, पण अंडं घालायला रोज तिकडे. दोनदा आणून कोंडली, दोनदा ती छपराच्या फटीतून निसटली. पण अंडं ज्याची कोंबडी त्याचं, मग घरटं कुणाचंही असो. ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुहोंजा अंडं दोन्ही हातांवर घेऊन यायची आणि म्हणायची, "आयुमाची आई, तुमचं." मिनायोला ते अंडं तिच्याच तोंडावर मारावंसं वाटे. ती ते घ्यायची, पाटीत ठेवायची आणि बाजारच्या दिवशी विकायची. खायचा प्रश्नच नव्हता. गुकूच्या घरात बाई कोंबडी खात नाही, अंडंही खात नाही; ते पुरुषांचं. पुष्कळ घरांतून ही रीत केव्हाच गेली होती, मिशनवाल्यांच्या पोरींनी तर भर चर्चच्या जेवणात कोंबडी खाल्ली होती. पण गुकूनं आपल्या घरात ती जाऊ दिली नव्हती, आणि मिनायोनं ती कधी मोडली नव्हती. तिला त्याचा अभिमान होता. न्योरेवालीला काय वळण आहे ते बघा, असं लोकांनी म्हणावं, एवढाच तिचा हट्ट.

तर मिनायोचं लक्ष पाटीवर. आणि तिच्या ध्यानात आलं की ठिपकी ओरडते रोज, पण अंडं काही रोज येत नाही. अंडं घातलं की कोंबडी गावभर सांगते, त्यात काही लपत नाही. आज ओरडली, अंडं आलं. उद्या ओरडली, नाही आलं. परवा पुन्हा तेच.

मिनायोला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर तिला आनंद झाला, अगदी गुदगुल्या झाल्यासारखा. सापडली! गोड बोलणारी, दोन्ही हातांनी अंडं देणारी ही भली बाई चोर निघाली!

दुसऱ्या सकाळी झऱ्यावर सगळ्या जमल्या असताना तिनं हंडा खाली ठेवला. "मुहोंजा, माझी कोंबडी तुझ्या घरी अंडी देते. सगळी मला मिळतात का गं?"

मुहोंजानं मान खाली घातली.

"बघा, बोलत नाही. मिशनमध्ये काय शिकवलं गं तुला, अंडी चोरायला? सासूला कालवणाची लालूच दाखवून पळवलीस, आता माझी कोंबडीही लुबाडतेस?"

कुणीतरी फिसकन हसलं. मुहोंजाचे ओठ हलले, तिनं मिनायोकडे एकदा बघितलं, आणि हंडा डोक्यावर घेऊन ती चढण चढू लागली. जाताना तिच्या पाठीवर 'अंडीचोर' हा शब्द चिकटून गेला, आणि दुपारपर्यंत टेकडीच्या दुसऱ्या अंगालाही पोचला. त्या दिवशी मिनायोला कितीतरी दिवसांनी जेवण गोड लागलं.

पण तेवढ्यावर तिचं मन भरेना. चोर डोळ्यांनी बघायचा होता, आणि गुकूला दाखवायचा होता. संध्याकाळी ती हळूच मुहोंजाच्या स्वयंपाकघरामागे गेली. कुडाच्या भिंतीचं लिंपण एका जागी पडलं होतं. तिनं डोळा लावला.

आत चूल पेटलेली. तिवईवर गुकू. हातात उकडलेलं अंडं. थरथरत्या बोटांनी ती टरफल काढत होती, एकेक कपचा ओच्यात ठेवत होती. मग तिनं मिठाला लावून अंडं तोंडात घातलं, डोळे मिटले, आणि चार दात उरलेल्या तोंडानं ते हळूहळू, जपून खाल्लं.

"ही ठिपकीचीच ना?" तिनं विचारलं.

"हो गुकू."

"तिची मोठी असतात. तुझ्या कोंबडीच्या अंड्यांपेक्षा चांगली."

मुहोंजा चुलीत काटकी सारत म्हणाली, "गुकू, आज झऱ्यावर मला चोर म्हणाल्या. सगळ्यांसमोर. तुम्ही ठिपकीचंच मागता, आणि मी देते. आता सांगू का आयुमाच्या आईला?"

"नको गं बाई!" म्हातारी एकदम घाबरली. "तिला नको. लग्न होऊन महिना झाला नव्हता तिचा. कोंबडीच्या रश्शाची पळी चाटली म्हणून मी तीच गरम पळी तिच्या मनगटावर मारली होती. म्हणाले, हे घर खादाड बायकांचं नाही. तेव्हापासून पोरीनं कधी चव घेतली नाही बघ. आणि आता तिच्यासमोर बसून मी अंडं खाऊ? कोणत्या तोंडानं?"

"बरं. मग मी चोर तर चोर," मुहोंजा म्हणाली.

मिनायो भिंतीपासून सरकली. तिचं डावं मनगट उजव्या हातात होतं. तिथं तो डाग अजून होता. तिला सगळ्यांचाच राग आला. आधी गुकूचा, कारण आपण उमेदीची वर्षं रस्सा वाढण्यात घालवली आणि चाटला नाही, ते हिच्या धाकानं. मग मुहोंजाचा. तो राग तर मावेना. चोर असती तर बरं झालं असतं! भाजी हिची चांगली, कोंबडा हिचा चांगला, आणि आता चांगुलपणातही हिनंच पुढं जावं? शिव्या खाऊन गप्प बसली, म्हातारीची अब्रू राखली, आणि आपण मात्र भोकाला डोळा लावून चोरासारख्या उभ्या.

आणि त्याच्याही खाली एक गोष्ट तिला लख्ख कळली, आणि ती सगळ्यांत जास्त लागली. तिवई मुरेऱ्यासाठी गेलीच नव्हती. आपण एवढ्या वळणदार सून झालो, की आपल्यासमोर म्हातारीला साधं अंडं खायची चोरी झाली.

झऱ्यावर दुसऱ्या दिवशी मिनायो कुणाकडेही न बघता म्हणाली, "माझी कोंबडीच अंडी फोडून खाते. काल बघितलं मी. तिरिकीवालीनं नाही घेतली." एवढं बोलताना तिला कारलं चावल्यासारखं झालं. माफी वगैरे तिनं मागितली नाही.

"अंडी खाणारी कोंबडी ठेवू नये," एक म्हातारी म्हणाली. "एकदा चटक लागली की सुटत नाही. काप तिला."

"कापणारच आहे. आयुमाचे वडील येताहेत रजेवर."

ठिपकीनं काही केलं नव्हतं, हे मिनायोला ठाऊक होतं. पण रोज अंगण ओलांडून जाणाऱ्या त्या कोंबडीबद्दल तिला फारशी दया आली नाही.

कीसिया आला, त्यानं कोंबडी कापली, मिनायोनं दुपारपासून शिजत ठेवली. ती गुकूच्या दाराशी जाऊन म्हणाली, "तुझा मुलगा आलाय. आज तिवई माझ्याकडं आण." मुलगा आल्यावर म्हातारीला नाही म्हणता येईना. कीसिया पुढच्या राहत्या घरात जेवायला बसला. मिनायोनं त्याच्यापुढे कोंबडीचं ताट ठेवलं आणि स्वयंपाकघरात परत आली. गुकू आपल्या जागी, उजव्या अंगाला, उगाली आणि पाल्याची वाट बघत बसली होती.

मिनायोनं मडक्यातून कोंबडीचा पोटा, तो दाणे दळणारा पोटातला गोळा, काढला आणि गुकूच्या वाडग्यात ठेवला.

पोटा म्हणजे घरच्या कर्त्याचा. पाहुणा आला तर पाहुण्याचा, जावई आला तर जावयाचा. पोट्यावाचून ताट वाढलं म्हणून उठून गेलेली माणसं या टेकडीवर आहेत.

"हे काय?" गुकू म्हणाली.

"खा."

"डोकं फिरलं का तुझं?"

"भिंतीला भोक पडलंय, गुकू," मिनायो म्हणाली. "तिरिकीवालीच्या. लिंपून घ्यायला सांग तिला."

म्हातारीनं एकदा मिनायोच्या मनगटाकडे बघितलं आणि नजर खाली वळवली. तेवढ्यात पुढून कीसियाचा आवाज आला.

"मिनायो! पोटा कुठाय?"

मिनायो उत्तर देणार, तोच गुकू ओरडली, "मी खातेय!"

पुढच्या घरात ताट सरकल्याचा आवाज झाला.

"कोण खातंय?"

"तुझी आई! तुला पोटात वाढवला, आता एक पोटा खाते. काही म्हणायचंय?"

कीसिया रेल्वेतला माणूस, जगाच्या गाड्या बघितलेला. पण आईला उलट बोलायची हिंमत त्याच्यात नव्हती. त्यानं फक्त मोठ्यानं घसा खाकरला. म्हातारीला आधी खोकला आला आणि मग हसू आलं. मिनायोच्या चुलीजवळ आलं.

पोटा चिवट असतो. चार दातांनी निम्मा संपवेपर्यंत पुढं कीसियाचं ताट रिकामं झालं. उरलेला निम्मा गुकूनं बोटांत धरून मिनायोपुढे केला. मिनायोनं हात पुढे केला.

"हा तिरिकीवालीला नेऊन दे," गुकू म्हणाली. "माझ्यासाठी चोर म्हणवून घेतलं पोरीनं. तू रस्सा घे हवा तेवढा. आता कोण मारतंय पळी?"

मिनायोनं तो तुकडा घेतला आणि बाहेर आली. अंगणात अंधार पडला होता. पलीकडे मुहोंजाच्या दारात उजेड होता, आत ती एकटीच बसली होती, आणि तिच्या चुलीच्या उजव्या अंगाला तिवईची जागा मोकळी होती. मिनायो ती मोकळी जागा बघत अंगणाच्या मध्यापर्यंत गेली. तिथं थांबली. तिनं पोट्याचा तुकडा आपल्या तोंडात टाकला. चावला, खूप वेळ चावला. त्यात विशेष असं काहीच नव्हतं, नुसतं रबरासारखं. तिनं तो गिळला, बोटं पदराला पुसली आणि हाक मारली.

"ए तिरिकीवाले! गुकू बोलावतेय जेवायला. कोंबडी आहे. आणि बसायला तुझं तू काहीतरी आण, इथं तिवई एकच आहे."